आबांना शांतता लागते

चहा आधी संपवून घ्या. मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. फजिती प्रत्येकाची होते हो, कुणी सायकलवरून पडतं, कुणी दुसऱ्याच्या चपला घालून येतं. मी काय केलं? एका धडधाकट माणसाला नुसत्या माझ्या तोंडानं मरणाच्या दारात नेऊन बसवलं! आणि तो माणूस कोण? माझा सख्खा सासरा!

तेव्हा मी धुळ्यात सरकारी नोकरीत होतो. गावातली आमची जागा म्हणजे एक खोली, आणि खाली पत्र्याचे डबे ठोकायचं दुकान. दिवसभर ठाण ठाण ठाण. जेवताना मी मीठ मागितलं की शोभा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, पिठलं वाढायच्या. शेवटी कंटाळून आम्ही नदीपलीकडे, देवपूरच्याही पुढे, एका नव्या कॉलनीत घर घेतलं. भाड्यानं हो! विकत घ्यायची कुणाची हिंमत होती?

पण काय घर होतं! गावातल्या त्या खुराड्याच्या भाड्यात इथं दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी आणि मोरीच्या पाण्यावर पोसलेली पपई. स्वस्त का, असं विचाराल, तर बस फक्त चौकापर्यंत यायची, रस्ता कच्चा होता, आणि नळाला पाणी नळाच्या मर्जीनं. पण शांतता! दुपारी ओट्यावर बसलं की समोरच्या कडुलिंबावर खार काय कुरतडते तेसुद्धा ऐकू यायचं.

शेजारी सपकाळे गुरुजी. शाळेतून रिटायर झालेले, स्वच्छ पांढरा सदरा, कुणाच्याही कामाला आधी धावणार. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची, ती ऐकत आमची शोभा भाकरी थापायची. आणि समोर राहायच्या सुमनअक्का. मनानं लोणी. आवाज मात्र… आता कसं सांगू? अक्का मूळच्या सोनगीरच्या. तिथल्या किल्ल्यावर उभं राहून त्यांनी हाक मारली असती, तर खाली हायवेवरचे आग्ऱ्याला निघालेले ट्रक थांबले असते. भाजीवाली अजून चौकात असायची आणि अक्कांनी ओट्यावरून तिच्याशी घासाघीस करून वांगी ठरवलेली असायची.

आमच्या दुसऱ्या बाजूचं घर रिकामं होतं. शोभाचा सगळा जीव त्या रिकाम्या घरात.

तिचे वडील, आबा, अमळनेरला एकटे राहत. सासूबाई गेल्या होत्या, मेहुणा सुरतेला. आबांची उभी हयात तिथल्या एका तेलाच्या मिलमध्ये गेली. आमच्याकडे राहायला या म्हटलं की म्हणायचे, "पोरना घर पाव्हना म्हणीसन येसू. ऱ्हावाले नही." लेकीच्या घरी पाहुणा म्हणून येईन, राहायला नाही. झालं! पण शेजारी वेगळं बिऱ्हाड केलं तर? तर मात्र आबा म्हणाले, "देखूत."

खानदेशी माणूस 'देखूत', म्हणजे 'बघू', असं म्हणाला म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मी बिघडवलं.

अमळनेरला गेलो असताना मी आबांसमोर फुशारकी मारली, "आबा, आमच्या कॉलनीत पान पडलं तरी ऐकू येतं!" आबा नुसतं "हं" म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ मी असा लावला, की यांना आता म्हातारपणी शांतताच हवी. विचारलं का मी त्यांना? छे! जावयाला सगळं न विचारता कळतं.

आबा शनिवारी घर बघायला येणार असं ठरलं. शुक्रवारी शोभा म्हणाली, "अहो, सगळं छान आहे, पण आपल्या अक्का…"

"सांगतो मी त्यांना. गोडीत सांगतो."

गेलो अक्कांकडे. अक्का ओट्यावर लसूण सोलत होत्या.

"अक्का, उद्या आमचे सासरे येताहेत अमळनेरहून."

"अगं बाई! येऊ द्या ना!" कडुलिंबावरचे कावळे उडाले.

"ते काय आहे अक्का… आबांना जरा शांतता लागते. म्हणजे आवाज बिवाज नको असतो."

अक्कांचा लसूण थांबला. "का हो भाऊ? तब्येत बरी नाही का त्यांची?"

आता सांगा, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? 'नाही हो अक्का, तब्येत उत्तम आहे, तुमचाच आवाज मोठा आहे' असं तोंडावर म्हणाला असता? माझी जीभ रेटेना. मी आपलं मान खाली घालून म्हटलं, "तसंच समजा."

या दोन शब्दांनी घात केला.

पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर मजा कळायची नाही. माझे ते दोन शब्द अक्कांच्या ओट्यावरून नळावर गेले, तेव्हा आबांचं हृदय अशक्त झालं. नळावरून पिठाच्या गिरणीत गेले, तेव्हा त्यांना एक झटका येऊन गेला. गिरणीतून घरोघर पिठाच्या डब्यांबरोबर परतले, तेव्हा मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले होते आणि 'घेऊन जा, लेकीच्या सहवासात राहू द्या' असं सांगितलं होतं!

शनिवारी मी आबांना स्टँडवरून रिक्षानं आणलं. आबा म्हणजे उंचापुरा गडी, पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांचं अर्धं पोतं. रिक्षा कॉलनीत शिरली आणि बघतो तर काय! सगळे आपापल्या फाटकाशी हात जोडून उभे. एक शब्द नाही. दूधवाल्यानं सायकलच्या घंटीला फडकं बांधलेलं. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत! एका शब्दावर केवढा मान!

आबाही खूश. "जवाईबापू, तुमनं वजन शे बरं आठे!"

इथं माझं वजन आहे म्हणे! मी छाती फुगवली.

रिक्षातून उतरताच गुरुजी धावले. आबांच्या खांद्यावरचं पोतं त्यांनी जवळजवळ हिसकावलं. मागून दोघं लाकडी खुर्ची घेऊन आले.

"बसा आबा. आम्ही उचलून नेतो," गुरुजी कुजबुजले.

"कसाले? तीन तर पायऱ्या शेतस!"

"तीन का असेनात. धाप कशाला लागू द्यायची?"

आणि खरोखर आबांना खुर्चीत बसवून ओट्यावर चढवलं! आबा वरून माझ्याकडे बघताहेत. मी खालून हसतोय. मला वाटलं, देवपूरकडची काही जुनी रीत असेल.

मग सुरू झाली रीघ. कुणी मोसंबी, कुणी शहाळं, कुणी अंगारा. येणारा पाच मिनिटं आबांसमोर गप्प बसायचा, त्यांच्याकडे डोळे भरून बघायचा, उसासा टाकायचा आणि उठून जायचा. आबा बोलायला गेले तर, "बोलू नका आबा, पडून राहा."

संध्याकाळी ओट्यावर गुरुजी आणि अक्का मला भेटले. हे बोलणं मी आयुष्यात विसरणार नाही.

गुरुजी हळूच म्हणाले, "त्रास वगैरे नाही ना होत त्यांना?"

"कसला त्रास! आता त्यांना फक्त शांतता हवी, बाकी काही नको."

"शेवटी तेच लागतं माणसाला," गुरुजी खाली बघत म्हणाले. "आणि… किती दिवस आहेत?"

"दोन-तीन दिवस. फार तर."

गुरुजींनी माझा हात घट्ट धरला. मी बापडा पुढे बोलतोच आहे, "जास्त कुठले राहताहेत? तिकडे सगळे वाट बघताहेत त्यांची."

अक्कांनी पदर डोळ्याला लावला. त्यांचा तो आवाज इतका हळू होऊ शकतो हे मला तेव्हाच कळलं. "भाऊ, आमचे हेही तिकडेच आहेत. भेटले तर म्हणावं, सुमन बरी आहे. काळजी करू नका."

आम्हाला कॉलनीत येऊन झाला होता एक महिना. मला काय ठाऊक अक्कांचे यजमान कुठे असतात? मला वाटलं, अमळनेरला नोकरीला असतील! मी उत्साहानं म्हटलं, "अहो, पत्ता द्या ना! आबा मुद्दाम जाऊन भेटतील."

अक्का तोंडात पदर कोंबून आत पळाल्या. गुरुजी माझ्याकडे असे बघत राहिले, जणू बिचाऱ्याच्या डोक्यावर दुःखानं परिणाम झाला आहे!

रविवारी कॉलनीनं कमाल केली. तेव्हा रंगीत टीव्ही फक्त गुरुजींकडे, आणि रविवारी सकाळी सगळी कॉलनी त्यांच्या पुढच्या खोलीत. त्या दिवशी सगळ्यांनी मालिका आवाज बंद करून बघितली! कुणी काय म्हटलं ते अक्का हातवारे करून समजावत होत्या. पिठाची गिरणी बंद. कूकरच्या शिट्ट्या काढून ठेवलेल्या, बायकांनी डाळ उघड्या पातेल्यात शिजवली. गुरुजींकडची वंदना ओठातल्या ओठात झाली.

मी धन्य झालो. पण आबा अस्वस्थ. सकाळपासून डोळे तांबारलेले, सारखे कूस बदलत होते.

दुपारी अक्का आल्या. "आबा, काही खायची इच्छा आहे का? मनात काही ठेवू नका. काय वाटेल ते सांगा."

आबा खुलले. "वांग्यानं भरीत, अक्का. झणझणीत. आनी कळण्यानी भाकर." कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची हो.

"करते हो, करते!" अक्का लगबगीनं उठल्या.

बातमी फुटली. चार घरांतून भरीत आलं! आबांनी मनापासून ताव मारला, वर कच्चा कांदा फोडून खाल्ला. दाराशी उभ्या बायका बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "विझताना ज्योत अशीच मोठी होते," कुणीतरी कुजबुजलं. मी ऐकलं, पण मला वाटलं कंदिलाबद्दल बोलताहेत.

हसू नका. मी असाच आहे.

जेवण झाल्यावर आबांनी मला मागे पपईपाशी नेलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"जवाईबापू, एक इचारू? खरं सांगशात?"

"विचारा ना आबा."

"माले काय व्हयेल शे?"

"तुम्हाला? कुठं काय! काही नाही."

"मग बठ्ठी कॉलनी मन्हाकडे अशी काय देखस? मांगना महिनामा डॉक्टरकडे गऊ होतू. तो माले म्हने, बठ्ठं चांगलं शे, मीठ कमी खा. आनी मंग पोऱ्याशी येगळं बोलना."

डॉक्टर आबांना 'सगळं चांगलं आहे' म्हणाले आणि मग सुरतेहून आलेल्या मेहुण्याशी वेगळं बोलले, आबांना आता ते आठवलं. मी म्हटलं, "आबा, खरंच काही नाही हो. तुम्ही नुसता आराम करा. कशाचा विचार करू नका."

आता हे वाक्य! हे वाक्य माणूस कुणाला म्हणतो? आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरले सांभाळजा," एवढंच म्हणाले आणि टोपी घालून चौकाकडे निघाले. मला वाटलं, भरीत जास्त झालं, शतपावलीला गेले.

चौकात नवाच एसटीडीचा बूथ झाला होता. तिथून आबांनी अमळनेरला त्यांच्या घराजवळच्या किराणा दुकानात फोन लावला आणि धाकट्या भावाला, नानांना, बोलावून घेतलं. काय सांगितलं? "एकदाव भेटी जा."

एकदा भेटून जा. बस्स, एवढंच.

सोमवारी सकाळी शोभा नळावर गेली होती. ती रिकामी घागर घेऊन धावत परत आली.

"अहो! ती गिरणीवाली मला म्हणाली, धीराची आहेस गं, रडत नाहीस. मी म्हटलं, का रडू? तर ती म्हणते… अहो, तुम्ही काय सांगितलंत अक्कांना?"

"मी? काही नाही. आबांना शांतता लागते, एवढंच."

"आणखी काय?"

"अक्का म्हणाल्या, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं… तसंच समजा."

शोभानं घागर खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर तिनं मला बऱ्याचदा बघितलं असेल, पण तसं नाही.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. नाना, दोन पुतणे, त्यांच्या बायका, अमळनेरचे चार शेजारी, सगळे एकावर एक कोंबलेले. उतरता उतरताच नानांनी टाहो फोडला, "मन्हा भाऊ रेऽऽ!"

तीन दिवस दाबून धरलेला अक्कांचा आवाज! नानांचा टाहो ऐकला आणि त्यांना वाटलं, संपलं सगळं. त्यांनी असा हंबरडा फोडला की चौकातली बस सुटायची थांबली. घराघरातून माणसं धावली. गुरुजी सदऱ्याच्या बाह्या सावरत माझ्यापाशी आले, "भाऊ, तुम्ही फक्त बाईंना सांभाळा. बाकीचं सगळं माझ्याकडे लागलं."

मी "अहो गुरुजी, अहो ऐका…" म्हणतोय, पण त्या गलक्यात माझं कोण ऐकतंय?

आणि मागच्या मोरीकडून आबा आले. कमरेला पंचा, अर्ध्या गालाला साबणाचा फेस, हातात दाढीचं रेझर. रडारड ऐकून ते घाबरून धावत आले होते.

"कोन गयं?" आबांनी विचारलं.

सगळे गप्प. खारीचं कुरतडणं ऐकू यावं इतके गप्प.

नानांच्या तोंडून निघून गेलं, "भाऊ… तूच!"

आबांनी स्वतःकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग सगळ्या कॉलनीनं माझ्याकडे बघितलं. जमिनीनं मला पोटात घ्यावं म्हणून मी खाली बघितलं, पण तिथं शोभाची घागर होती.

सांगितलं शेवटी. सगळं सांगितलं. रिकामं घर, शोभाची इच्छा, आबांचा 'हं', माझं 'तसंच समजा'. सांगताना शेवटी शेवटी माझा आवाज इतका बारीक झाला की मागचे लोक "काय म्हणतात? काय म्हणतात?" विचारत होते.

सगळ्यात आधी अक्का बोलल्या. पूर्ण आवाजात. "म्हणजे माझा आवाज मोठा आहे, हे सरळ सांगायचं सोडून तुम्ही माणूस मारला?"

"अक्का, तसं नाही…"

"आणि मी यांच्याबरोबर आमच्या ह्यांना निरोप पाठवला हो! वर पत्ता मागत होते माझ्याकडे!"

मला तेव्हा उमजलं अक्कांचे यजमान कुठल्या गावी असतात ते. खरं सांगतो, त्या क्षणी मला हसू नाही आलं. मी अक्कांच्या पाया पडायला वाकलो.

पण आबांनी तोंड उघडलं. "अक्का, निरोप पोचाडसू मी. पन आते काय घाई नही!"

आणि आबा हसले. तेलाच्या मिलमध्ये मशीनवरून ऐकू जाईल असं हसायची सवय लागलेला माणूस तो! ते हसले, मग नाना हसले, मग डोळे पुसता पुसता अक्का हसल्या, आणि सगळी कॉलनी फुटली. तीन दिवसांची शांतता एका दमात वसूल झाली.

अमळनेरच्या मंडळींना कुणी उपाशी जाऊ दिलं नाही. घरोघरी कूकर चढले, शिट्ट्यांची नुसती चढाओढ. पिठाची गिरणी धडधडायला लागली. आणि काय सांगू, त्या गिरणीच्या धडधडीत आबा ओट्यावरच्या खाटेवर गाढ झोपले! दुपारी उठले तेव्हा चेहरा टवटवीत.

"जवाईबापू," ते म्हणाले, "उभी हयात मशीनना आवाजमा गयी. माले शांततामा झोपच लागत नही. दोन रात डोळाले डोळा लागना नही."

म्हणजे घ्या! ज्यासाठी एवढा आटापिटा केला, तेच त्यांना नको होतं!

शोभाचा चेहरा पडला. "म्हणजे आबा, हे घर तुम्हाला नाही ना आवडलं?"

आबांनी समोर बघितलं. अक्का भाजीवालीवर ओरडत होत्या, गुरुजी कुणाची तरी खुर्ची परत पोहोचवत होते. "येडी," आबा म्हणाले, "वळख ना पाळख. एका म्हाताराकरता लोके कूकरनी शिट्टी काढीसन ठेवतस. जठे असा लोके शेतस, तठेच राहसू मी."

पुढच्याच महिन्यात आबा शेजारी राहायला आले. सकाळी दात घासताना ते भिंतीपलीकडून मला हाक मारायचे, "उठनात का, जवाईबापूऽऽ?" त्या हाकेवर अख्खी कॉलनी उठायची. अक्कांना तर आनंद झाला, इतक्या वर्षांनी तोडीस तोड माणूस भेटला. दोघांची ओट्यावरून ओट्यावर गप्पाष्टकं चालायची, मध्ये रस्ता आणि रस्त्यावर कानात बोटं घालून चाललेले लोक.

आणि मी? पुढच्या पावसाळ्यात मला हिवताप आला. साधासुधा नाही, चार गोधड्या घेऊन खाट हलायची. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, औषध देतो, पण डोक्याला आवाज सहन व्हायचा नाही, पूर्ण शांतता हवी.

शोभा समोर गेली. मी गोधडीतून ऐकत होतो.

"अक्का, यांना अजिबात बरं नाही हो. डॉक्टर म्हणाले, शांतता लागते."

क्षणभर पलीकडे चिडीचूप. मला भरून आलं. म्हटलं, शेवटी माझीच कॉलनी.

आणि मग रस्त्यापलीकडून, दात वाजत असतानाही मला शब्दन्शब्द कळावा अशा आवाजात, अक्का गरजल्या, "असं होय! बरं बरं! या वेळी कोण येतंय अमळनेरहून?"